कडीवरचा टॉवेल आणि इंग्रजी शब्दांच्या जाती

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे आणि त्यातला बराचसा चारचौघांत सांगण्यासारखा नाही. एक मात्र सांगण्यासारखा आहे. लग्न होऊन खापरखेड्याच्या कॉलनीत राहायला आले, तेव्हा जवळजवळ वर्षभर मी रोज सकाळी नवऱ्याचा टॉवेल धुऊन, पिळून, पुढच्या दाराच्या कडीला बाहेरून वाळत घालत होते. आणि मग आत बसून रडत होते की माझ्याकडे कोणी येत का नाही.

वीजघरात काम करणाऱ्यांची ती वस्ती. तिथं पुढच्या दाराला कापड लटकवण्याचा एकच अर्थ होता. घरातला माणूस रात्रपाळी करून आलाय, झोपलाय. दार वाजवू नका, हाका मारू नका, जमलं तर दारासमोरून जाताना चपलाही फटफटवू नका. भाजीवालीसुद्धा अशा दारापुढून तोंड मिटून जायची आणि पुढच्या दारापाशी पोचल्यावर पुन्हा ओरडायला लागायची. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी रामटेकची.

रामटेकला माकडं फार. गडावरून उतरतात, कौलं विस्कटतात, आणि अंगणात वाळत घातलेलं जे हाती लागेल ते घेऊन झाडावर जाऊन बसतात. माझ्या आईचं नवंकोरं पोलकं असंच गेलं. पुढे कितीतरी दिवस आई त्या झाडाखाली उभी राहून वर बघत शिव्या द्यायची, आणि वरून माकडीण तिच्याकडं अशी बघायची, जणू शिव्या दुसऱ्याच कोणाला चालल्यात. तेव्हापासून आमच्या घरी लहान कापडं अंगणात घालायची नाहीत असं ठरलं. ती पुढच्या दाराच्या कडीला लावायची, कारण तिथं ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. सासरी येताना मी ट्रंकेत दोन पातळं, इंग्रजीचं एक पुस्तक आणि ही अक्कल घेऊन आले. खापरखेड्याला माकडं नव्हती. ती आहेत की नाहीत हे आधी बघावं, एवढं काही मला सुचलं नाही.

इंग्रजीचं पुस्तक कशाला, तर मी मॅट्रिकला इंग्रजीत गचकले होते. बाकीचे विषय सुटले, हा एक राहिला. नवऱ्याला ते माहीत होतं. तो कमी बोलणारा माणूस, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "बस नं पुन्हा. बाहेरून बसता येते." एवढंच. पण त्या काळात असं म्हणणारे नवरे काही रस्त्यावर सांडलेले नव्हते, म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं की एकदा बसायचं, जीव लावून बसायचं, आणि या वेळीही गेले तर पुस्तक बंबात घालायचं. मी फार बाणेदार होते तेव्हा. कारण बघायला कोणी नव्हतं.

माझं अडायचं ते शब्दांच्या जातींत. एक उतारा द्यायचे, त्यात काही शब्दांखाली रेघ मारलेली असायची, आणि प्रत्येक शब्द नाम की क्रियापद की आणखी काही, ते लिहायचं. मराठीत मला ते यायचं. इंग्रजीत शब्द समोर आला की मला तो परक्या गावच्या पाहुण्यासारखा वाटायचा. पाणी द्यावं की चहा, कळायचं नाही. शाळेत असताना मी ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करायची, "शब्दांच्या जाती आठ." आमचे बाबा छप्पन साली मला खांद्यावर घेऊन नागपूरला गेलेले आणि तिथून बौद्ध होऊन परत आलेले. धानाच्या पोत्याला टाके घालता घालता ते थांबले. "काहून वं," म्हणाले, "एवढं करून मी एक सोडून आलो, आन् तू शाळेतून आठ घेऊन आली?" आई आतून हसली. मी मात्र फार गंभीर होते. बाबांना व्याकरण कळत नाही याचं मला वाईट वाटलं. अशी ती पोरगी होती.

तर खापरखेडा. एका ओळीत एकसारखे क्वार्टर, प्रत्येकाला एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे छोटंसं आवार. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारच्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, मध्ये एका विटेची भिंत. नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. फर्स्टला असला की तांबडं फुटायच्या आत जायचा, सेकंडला असला की दुपारी, आणि नाईटला असला की सकाळी घरी येऊन, दोन घास खाऊन जो आडवा व्हायचा तो ऊन उतरेपर्यंत. नाईटच्या आठवड्यात मी घरात भांडंसुद्धा टेकवताना खाली फडकं ठेवायची. कांदा चिरायचा तर मागच्या आवारात. खोकला आला तर पदरात. एवढं करून तो जागा झाला की विचारायचा, "घरी नव्हती काय तू?"

बाकीचे दोन आठवडे मोकळे. बोला, गा, नाचा. पण कोणाशी? सकाळी टॉवेल कडीला लावला की माझं घर बाहेरच्यांपुरतं बंद. दिवसातून ठरलेल्या वेळी भोंगा व्हायचा, सायकलींचा एक लोंढा जायचा, दुसरा यायचा, आणि मग पुन्हा पुढच्या भोंग्यापर्यंत शांतता. खिडकीतून मी बायका बघायची. त्या पलीकडच्या क्वार्टरच्या पायरीवर बसायच्या, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघायच्या, हसायच्या. माझ्या दारापुढून जायच्या तेव्हा मात्र आवाज खाली. एकदा तर एक बाई हसत हसत येत होती ती माझ्या दाराशी आली आणि पदर तोंडावर धरून, पाय उचलून, मांजरासारखी पलीकडे गेली. मी खिडकीमागे उभी. मला वाटलं, आपल्याकडे बघून गप्प झाली.

दुपारी मी स्वयंपाकघरात रेशनचा गहू निवडायला बसायची. त्यात खडे इतके की निवडताना दोघींचं काम एकीला पुरायचं. ते करता करता मी माझी एक युक्ती काढली. ताटाच्या कडेनं आठ जागा मनात धरायच्या. एकेक इंग्रजी शब्द मोठ्यानं म्हणायचा, त्याची जात सांगायची, आणि गव्हाचा एक दाणा त्या जागी ठेवायचा. शब्द पुस्तकातले नाही, कानावर पडणारे. कॉलनीत इंग्रजी शब्दांना तोटा नव्हता. इंग्रजी येत नसलेली माणसं दिवसभर इंग्रजीच बोलायची. "क्वार्टर, नाम. बॉयलर, नाम. ड्यूटी, नाम. शिफ्ट, नाम. रिलिव्हर, नाम." शाळेत पाठ करायची तशा सुरात, प्रत्येक शब्दाला ठेका. दुपार संपेपर्यंत नामांचा ढीग ताटातून खाली घरंगळायचा आणि बाकीच्या जागा ओक्याबोक्या.

हे बघून मला वाईट वाटायचं, म्हणजे त्या वयात वाटतं तसं, उगाच. इंग्रज जाताना आपल्याला नुसत्या वस्तूंची नावं देऊन गेला असं मी मनात म्हणायची. 'विथ' नाही दिला कोणाच्या तोंडी, 'अँड' नाही दिला. ते सगळे पुस्तकातच राहिले. केवलप्रयोगीच्या जागेवर तर एकही दाणा नव्हता. मग एकदा सिनेमाची आठवण काढून मी 'हॅलो' तिथं ठेवला. ठेवताना तो नीट म्हणून बघितला. "हॅलो." घरात चुलीवर भात शिजत होता, त्याचाच आवाज. आता हसू येतं, पण त्या दिवशी तो दाणा मी उचलून पुन्हा गव्हात टाकला.

क्रियापदांचा ढीग मी वाढवला, तो स्वतःच्या हुशारीनं. मी एक नियमच शोधून काढला. ज्या शब्दापुढे माणसं 'कर' किंवा 'केलं' म्हणतात तो शब्द क्रियापद. नट टाईट कर म्हणतात, म्हणून टाईट क्रियापद. दार फिट केलं, म्हणून फिट क्रियापद. लेट करू नको, म्हणून लेट. रेडी कर, म्हणून रेडी. इतका सोपा नियम शाळेतल्या मास्तरांना कसा सापडला नाही याचं मला आश्चर्य वाटायचं, आणि त्यांची थोडी कीवही यायची. "टाईट, क्रियापद! लेट, क्रियापद! अर्जंट, क्रियापद!" मी गव्हाच्या ताटापुढे बसून अशी दणकावून म्हणायची की मास्तर ऐकतील तर शरमतील.

पण मास्तर ऐकत नव्हते, हीच तर गोष्ट होती. बरोबर की चूक सांगणारं कोणी नव्हतं. सीताबर्डीच्या फुटपाथवरून नवऱ्यानं मला एक जुनं गाईड आणून दिलं, त्यात प्रश्न सगळे होते आणि मागची उत्तरांची पानं फाटलेली होती. आधीच्या मालकानं ती बहुतेक परीक्षेला सोबत नेली असावीत. मग मी नवऱ्यालाच विचारायला लागले.

"अहो, लाईट काय आहे?"

"गेली काय?" तो वर बघायचा.

"गेली नाही. शब्द. नाम आहे की विशेषण?"

तो विचार करायचा, खरंच करायचा, अंघोळीला निघालेला असला तरी थांबून. मग म्हणायचा, "तुले काय वाटते?"

"मले वाटते नाम."

"मग नाम."

"पण लाईट कलर म्हणतात नं? तिथं?"

"तिथं तू म्हणशील ते."

इतका चांगला माणूस आणि इतका निरुपयोगी. त्याच्या या उत्तरावर मी एक दिवस ताट बाजूला सारून रडले. शब्द एकटा असला की त्याची जात कळत नाही, तो कोणाशेजारी बसलाय ते बघावं लागतं, असं काहीतरी मला त्या दिवशी सुचलं, आणि ते मला इतकं खोल वाटलं की मी ते भिंतीवर कोळशानं लिहिणार होते. क्वार्टर सरकारी म्हणून राहिलं. नाहीतर पुढच्या भाडेकरूला वाचावं लागलं असतं.

बायका का येत नाहीत याचं माझ्याकडे उत्तर होतं. आम्ही कोण, हे त्यांना कळलं असणार. घरात बुद्धाची तसबीर होती, खिडकीतून दिसत होती. आईनं निघताना सांगितलं होतं, "कोणाच्या चुलीपर्यंत आपणहून जाऊ नको. बोलावलं तर जा." मी न बोलावण्याचा अर्थ लावून मोकळी झाले आणि मान ताठ करून बसले. असं नाही की त्या ओळीत आमच्यासारखी घरं नव्हती. होती, दोन-तीन तरी नक्की होती. पण नेमकी कोणती, हे मला वर्षभर कळलंच नाही, कारण माझ्या टॉवेलनं सगळ्यांना एकाच मापानं बाहेर ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांच्या दारांवर कापडं दिसत नव्हती का? दिसत होती की! कधी या दाराला, कधी त्या. ती बघून मला उलट बरं वाटायचं. वाटायचं, या ओळीत निदान एवढ्या बायका शहाण्या आहेत, माझ्यासारख्या दारात वाळत घालतात. त्यांच्याशी आपलं जमलं असतं.

डिसेंबरात एकदा थंडी पडली. नवरा फर्स्टला निघाला आणि जाताना कडीचा टॉवेल ओढून गळ्याभोवती गुंडाळून घेऊन गेला. त्या दिवशी ऊन वर आलं आणि दारावर थाप पडली. हरभऱ्याची भाजीवाली! "घेतं काय वं बाई, कवळी आहे." माझ्या दारी भाजीवाली कधी थांबलेली नव्हती, मी दोन जुड्या लागत होत्या तिथं चार घेतल्या, ती थांबावी म्हणून. ती जाते न जाते तोच ओळीतली एक बाई आली, वाटी पुढे करून. "विरजण आहे काय?" माझ्याकडे विरजण नव्हतं. मी तिला बस म्हटलं, तिनं आत डोकावून बघितलं, "पुन्हा येईन" म्हणाली. दुपारून आणखी एक येऊन गेली, तिचं पोरगं इकडं आलं काय हे विचारत. एका दिवसात तीन माणसं! मी संध्याकाळी आरशासमोर उभी राहिले आणि विचार केला की आज असं वेगळं काय घडलं. आणि माझ्या लक्षात आलं. मी नवं पातळ नेसले होते. निळं, बारीक फुलांचं, व्हॉईलचं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून, रात्री लिंबाचे दोन थेंब टाकून विरजायला लावलेलं दूध बघितलं, चांगलं घट्ट लागलेलं. तेच निळं पातळ, रात्रीच धुऊन वाळवलेलं, पुन्हा नेसले. वेणी घातली. नवऱ्याचा टॉवेल धुतला, कडीला लावला, आणि दह्याची वाटी झाकून दारामागे बसून राहिले. भाजीवाली आली. तिचा आवाज आमच्या दाराच्या आधी थांबला आणि दाराच्या नंतर सुरू झाला. विरजणवाली दिसली खिडकीतून, हातात तीच वाटी. माझ्या दाराकडे तिनं एकदा बघितलं आणि पलीकडे निघून गेली. दुपारपर्यंत दही आंबट झालं. ते दही मी एकटीनं खाल्लं, साखर घालूनही आंबटच लागलं, आणि निळं पातळ ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. त्या आठवड्यात मी शब्द म्हटले नाहीत. गहू मुकाट निवडला.

परीक्षा मार्चात. फेब्रुवारी लागला तशी मी दिवस मोजायला लागले. नवऱ्यानं मागे एकदा जेवता जेवता सांगितलं होतं, "बाजूची बाई नागपूरले शाळेत शिकवत होती म्हणते, लग्नाच्या आधी." ही बातमी मी कितीतरी महिने नुसती जवळ बाळगली होती. बाजूची, म्हणजे भिंतीपलीकडची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, चालताना हात जोरात हलवणारी. तिचं घर मला तिच्या आवाजांनी पाठ होतं. पोळपाटाचा आवाज, पोरांवर ओरडण्याचा, रेडिओचा. तिच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. एका दुपारी गाईडातला उतारा सोडवताना रेघ मारलेला प्रत्येक शब्द मला क्रियापद वाटायला लागला, अगदी प्रत्येक, आणि मी घाबरले. आईचं सांगणं मनात आलं. मग मनात आलं, चुलीपर्यंत नाही जात, दारापर्यंतच जाते. हाकललं तर हाकललं. परीक्षेत नापास होण्यापेक्षा दारात नापास झालेलं बरं, निदान ते पेपरात छापून येत नाही.

तिच्या दाराला लाल काठाचा फडका लावलेला होता. शहाण्या बायकांपैकी आहे, मी मनात म्हटलं, आणि सगळं बळ एकवटून दार धडाधडा वाजवलं. "ताई! ओ ताई!"

दार फटीएवढं उघडलं. आतून एक डोळा आणि एक हात. हात माझ्या तोंडापुढे आला.

"हळू!" ती कुजबुजली. "काय झालं? आग लागली काय?"

"नाही."

"कोणी पडलं?"

"नाही जी."

"मंग ओरडून काहून राहिली? दारावर फडका दिसून नाही राहिला काय तुले?"

"दिसून राहिला नं."

"मंग?"

"वाळला असन आता," मी म्हटलं. "काढून घ्या."

ती बाहेर आली, दार हळूच ओढून घेतलं, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं आपल्या कपाळावर काही उगवलंय. आतून तिच्या नवऱ्याचं घोरणं येत होतं. पुढचं सगळं आम्ही कुजबुजत बोललो, दोन चोर बोलतात तसं.

"काय म्हणाली तू? वाळला?"

"म्हणजे, ओला होता नं सकाळी."

"अवं, माया माणूस नाईट करून झोपला आहे. नाईटवाल्याच्या दारावर फडका लावतेत. कोणी दार वाजवू नये म्हणून. तुले कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगन? माझ्याकडे कोणी आलंच नाही."

"कोणी येईन कसं, तुया दारावर तं..." ती मधेच थांबली. तिनं मान वळवून माझ्या दाराकडे बघितलं. निळ्या चौकड्यांचा टॉवेल कडीला डुलत होता. "तुया माणूस आता कोणत्या शिफ्टले आहे?"

"फर्स्टले."

"घरी नाही?"

"नाही."

"मंग तो टॉवेल कायचा?"

"वाळत घातला."

"रोज वाळत घालते?"

"रोज. रामटेकले माकडं नेतेत, म्हणून दारात..."

ती मटकन पायरीवर बसली आणि पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज मात्र एक नाही; नाईटवाल्याची बायको, इतक्या वर्षांची सवय. मी उभीच. मला एकेक दिवस आठवायला लागला. मांजरासारखी गेलेली बाई, भाजीवालीचा तुटणारा आवाज, दह्याची वाटी. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. मीही तिच्याशेजारी बसले.

"आमी समजलो," ती बोळा काढून म्हणाली, "तुले आमची वटवट नको. मॅट्रिक शिकलेली, हातात पुस्तक. नवरा ड्यूटीवर गेला तरी दारावर टॉवेल. विरजणवाली तं म्हणाली, आपल्यालेच हाकलून राहिली हे."

मी काय समजले होते, ते मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. मॅट्रिक नापास आहे, एवढंच सांगितलं.

त्यावर ती काय म्हणाली ते सांगते, पण आधी पुढचं उरकून टाकते, कारण पुढचं फार नाही. ड्यूटी सुटून नवरा आला तेव्हा मी दारातच उभी होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं टॉवेलचं?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "मग सांगितलं काहून नाही?" त्यानं सायकलला कुलूप लावलं. "मले वाटलं," म्हणाला, "तुले शांतता लागते अभ्यासाले." यावर भांडावं असं काही सापडलं नाही. त्या रात्री टॉवेल मागच्या आवारात, तारेवर गेला.

परीक्षेपर्यंतचे दिवस मी रोज दुपारी तिच्या चुलीशेजारी बसले. ती पोळ्या लाटायची, मी शब्द सांगायची. माझा नियम तिनं पहिल्याच दिवशी लाटण्यानं मोडला. मी काठावर पास झाले. निकाल आला तेव्हा ती तिथं नव्हती. तिच्या नवऱ्याची पारसच्या वीजघराला बदली झाली होती आणि एप्रिलच्या उन्हात ट्रक भरून ती गेली होती. पोचल्यावर पत्र टाकीन म्हणाली होती. मीही टाकीन म्हणाले होते. दोघींनीही टाकलं नाही. तिच्या क्वार्टरमध्ये एक ब्रह्मचारी पोरगा राहायला आला, तो चहासुद्धा कॅन्टीनला पिऊन यायचा. भिंतीपलीकडून काही येईना. ओळीतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या होत्या, मी जात होते, विरजण देत-घेत होते. पण शब्द बोलायला कोणी नव्हतं. नंतर बरीच वर्षं गहू निवडताना माझ्या तोंडून "नाम" निघायचं आणि मी थांबायची, पलीकडून कोणी काही म्हणतं का बघायला. आता नागपूरला रामदासपेठेत मुलाकडे आहे, दाराला घंटी आहे, नात इंग्रजी शाळेत जाते आणि मला काही विचारत नाही. तिचं सगळं बरोबर येतं.

शेजारणीशी असं एकूण महिनाभर बोलणं झालं. वर्षातला महिना. बाकीचे महिने मी एका विटेच्या अलीकडे होते.

तर त्या दुपारी पायरीवर. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "पण आली कायले होती तू?" मी खाली मान घालून म्हटलं, इंग्रजी शब्दांच्या जाती विचारायच्या होत्या, घरी एकटीच म्हणत असते, बरोबर की चूक सांगणारं कोणी नाही. ती माझ्याकडे वळली, माझा हात धरला, आणि आतला माणूस झोपलाय हे विसरून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"ठाऊक आहे वं मले. रोज ऐकू येत होतं भिंतीतून. अर्धे चुकत होते तुये, आन् मी इकडं तव्यावरच्या पोळ्या जाळून राहिली होती!"